गळ्यापर्यंत बटणं

इस्त्रीखाली टेरिकॉट तापल्याचा वास आला की मला पनवेलच्या ऑफिसातला तो निळा कोट आठवतो. साफसफाईच्या आम्हा बायकांना तो साडीवरून, गळ्यापर्यंत बटणं लावून घालावा लागे. मे महिन्यात एसी बंद पडला आणि कोट पाठीला चिकटू लागला. तेव्हा ऑफिसातल्या एक मॅडम पॅन्ट्रीत येऊन गोड आवाजात म्हणाल्या, “मावशी, तुमच्या सुती कोटांसाठी अर्ज केलाय. इथे सही करा.” कागद इंग्रजीत होता. मागच्याच महिन्यात कोट उतरवला म्हणून एकीला कामावरून काढलं होतं. हा माझा राजीनामा तर नसेल? वाचून दाखवा म्हणायला जीभ रेटेना. हात ओले आहेत असं पुटपुटून मी बादली उचलली. माझ्याबरोबर काम करणारी विचुंबे गावची बाई हसली, “आमी सगल्यांनी केली. तो काय तुजा सातबारा हाय?” पंधरा दिवसांनी सुती कोट आले, पण सही केलेल्यांनाच. मॅडमनी हे मुद्दामच केलं, असंच मला तेव्हाही वाटलं. आता अंगात कोट नसतो, तरी कोणी गोड बोललं की माझा हात गळ्यापाशी बटण चाचपायला जातो.