केवळाबाईची फळी

चंद्रप्पा सुतारानं केवळाबाईला पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा फक्त तिची पावलं पाहिली. ती छपरीच्या तोंडाशी येऊन उभी होती. डाव्या कमरेवर भरलेली घागर, टाचांना भेगा, आणि सगळा भार उजव्या पायावर. तोंड त्यानं मागाहून पाहिलं. माणूस उभा कसा राहतो हे कळलं की त्याचं बाकीचं कळतं, असं तो म्हणायचा, आणि चाळीस वर्षांत त्याचा अंदाज फारसा चुकला नव्हता.

"मामा, फळी पाहिजे."

"उभं कोण राहणार तिच्यावर?"

"मीच."

चंद्रप्पाचा लाकूड तासायचा वाकस हवेतच थांबला.

नांगरटीनंतर ढेकळं फोडायला फळी लागते. बैलांच्या मागं दोरानं बांधलेलं ते जाड लाकूड. माणूस त्याच्यावर उभा राहतो, हातात कासरा धरतो आणि रानभर ओढला जातो. त्याच्या भारानं ढेकूळ फुटतं, माती दबते आणि ओल खालच्या खाली राहते. पण फळीवर उभा राहतो तो बाप्या. बाई बैलांमागं उभी राहिली की पाऊस तुटतो, असं उदगीरकडच्या त्या गावात सगळेच मानत. चंद्रप्पाही मानायचा, थोडंफार.

लातूर जिल्हा नवा झाला, त्या सालची ही गोष्ट. मिरग कोरडा गेला होता. काळ्या रानाला कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडल्या होत्या. केवळाबाईचा नवरा मारोती रान नांगरून ठेवून लातूरला गेला होता. तिथं नवी हापिसं बांधली जात होती, हाताला काम होतं. दीड महिना झाला, त्याचा निरोप नव्हता. आणि आदल्या रात्री भादव्यातला एकच पाऊस पडून गेला होता. दोन-तीन दिवसांत फळी फिरली नाही तर ओल उडणार, ज्वारीचा पेरा जाणार. थोरला दीर साहेबराव चारचौघांत बोलून बसला होता, "पेरा साधला न्हाई तर रान मी कसणार. पडीक ठेवू देणार न्हाई."

"एकदा रान त्यांच्या हातात गेलं मामा, की माझी पोर न् मी त्यांच्या दारात," केवळाबाई म्हणाली. "मारोतीची फळी मला झेपत न्हाई. सकाळी उभी राहून बघितली, बैल हलायच्या आधीच हलली."

चंद्रप्पानं भिंतीशी टेकलेल्या तीन फळ्या आडव्या टाकल्या. जड माणसाला कडुनिंबाची, हलक्याला बाभळीची. मागं रेलणाऱ्याला रुंद, पाय जवळ धरणाऱ्याला आखूड. केवळाबाई हडकुळी, म्हणून बाभळीची आखूड फळी निघाली. राहिली दोराची भोकं. ती उभं राहणाऱ्याचा भार कुठल्या पायावर येतो ते बघून पाडायची. त्यासाठी चंद्रप्पाची एक रीत होती. माणूस बेसावध असताना मागून धक्का द्यायचा. जो पाय पुढं पडेल, तो भार घेणारा. गावात थट्टा चालायची, "चंद्रप्पाकडं जायाचं तर पाठ सांभाळून जा."

पण गावच्या सुनेच्या पाठीला हात कसा लावणार? त्यानं पुन्हा तिच्या पावलांकडं पाहिलं. भार उजवीकडं होता. त्या हिशेबानं उजवीकडचं भोक चार बोटं आत घेतलं.

ओसरीवर गुरम्मा, त्याची बायको, डाळ निवडत बसली होती. केवळाबाई फळी डोक्यावर घेऊन गेल्यावर ती म्हणाली, "ढकलून बघितलं न्हाई?"

"गावच्या सुनंला ढकलू व्हय?"

"मला सांगायचं की."

"तू निवड डाळ."

भोक पाडताना गिरमिट दोनदा गाठीत अडकलं होतं. जेवताना त्याला ते आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो केवळाबाईच्या बांधावर गेला. माणसं आधीच जमली होती. साहेबराव लिंबाखाली उकिडवा बसला होता. आभाळ पांढरं होतं आणि वारं पडलं होतं. एक म्हातारी पुटपुटली, "आता उरलेला पाऊसबी गेला."

केवळाबाईनं पदर खोचला, फळीवर चढली, कासरा धरला. बैल चालू लागले. पहिला तास, या बांधापासून त्या बांधापर्यंतचा, बरा गेला. दुसऱ्या तासाला चंद्रप्पा बांधावरून रानात उतरला. बाई डाव्या पायावर रेलून उभी होती. काल कमरेवर घागर होती. घागरीचं वजन डावीकडं, म्हणून ती उजवीकडं कललेली. आज घागर नव्हती.

"केवळे, उतर!" तो ओरडला.

फळीचं डावं टोक भेगेत रुतलं, उजवं वर उडालं, आणि केवळाबाई पुढं, बैलांच्या मागच्या पायांशी पडली. बैल बुजले. फळी तिच्या डाव्या पायावरून गेली. तिचा आवाजही आला नाही. मग आला.

हाडवैद्यानं पाय बांधला. दुपारी देवळाच्या पारावर लोक बसले.

"सांगत होतो ना," साहेबराव म्हणाला. "बैलामागं बाई उभी राहिली, देवानं दाखवून दिलं. उद्यापासून रान मी बघतो."

माना हलल्या. चंद्रप्पा खांबाला टेकून होता. गप्प बसलं तर कोणी विचारणार नव्हतं. फळी त्याची होती, एवढंच लोकांना ठाऊक. भोकाचं कोणाला ठाऊक नव्हतं. बोललं तर चाळीस वर्षांचं नाव जाणार.

"देवाचं काय न्हाई त्यात," तो म्हणाला. त्याचा त्यालाच आवाज परका वाटला. "भोक माझं चुकलं. घागर घेऊन उभी होती, त्याच्यावरून मी मापलं. बाप्या असता तर ढकलून बघितलं असतं. तिच्याऐवजी तुमी कोणी असता तरी पडला असता."

"मग चूक तुझी," साहेबराव हसला. "उद्या तू राहा उभा. गुडघे चालतेत का?"

कोणीतरी खुदकन हसलं. चंद्रप्पाचे गुडघे सगळ्यांना माहीत होते.

"मी राहते," बायकांच्या घोळक्यातून गुरम्मा म्हणाली. "मला मापायची गरज न्हाई. कुठला पाय पुढं पडतो ते ह्यांना ठाऊक हाय. चाळीस वर्षं ढकलत आलेत."

चंद्रप्पानं दिवस मावळायच्या आत जुनी भोकं बुजवली आणि नवी पाडली. पहाटे गुरम्मा फळीवर चढली. बांधावर कालच्यापेक्षा जास्त माणसं होती, आणि तिच्या पडण्याची वाट बघत होती, हे चंद्रप्पाला त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. तो भेगा मोजल्यासारखा बैलांपुढं चालत राहिला. उन्हं कलेपर्यंत रान सपाट झालं. गुरम्मा पडली नाही. ती उतरली तेव्हा मात्र तिला धरावं लागलं.

पेरा साधला. पाऊस पुन्हा आला नाही. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थांबली, कडबा तेवढा हाती आला. बाईमुळं पाऊस गेला, असं गाव म्हणत राहिलं आणि त्या सालापासून चंद्रप्पाकडं फळ्या घ्यायला फार कोणी आलं नाही. मारोतीचा निरोप त्या वर्षी आला नाही, पुढंही आला नाही. पण पेरलेल्या रानात साहेबरावला पाय टाकता आला नाही.

केवळाबाई आता सत्तरीच्या पुढं आहेत. डावा पाय दीड बोट आखूड आहे. रान अजून त्याच कसतात. यंदा निम्म्यात हरभरा आहे आणि निम्म्यात करडई.