आमच्या साडूंची रेंज

आमच्या थोरल्या साडूंनी मोबाइलच्या सेटिंगमध्ये जितका वेळ घातला, तितका शेतात घातला असता तर सातपुड्याच्या खडकावरही कपाशी पिकली असती. हे माझं मत नाही, त्यांच्या बायकोचं आहे. त्या माझ्या बायकोच्या थोरल्या बहीण, म्हणून मीही त्यांना ताईच म्हणतो, आणि ताई उगाच बोलत नाहीत. साडू राहतात सोनाळ्याला. मी मलकापूरहून जातो तेव्हा दुसऱ्या घरी आधी पाणी विचारतात, इथे साडू चपला काढायच्या आत हात पुढे करतात. "आना इकडं, साडूभाऊ. पाहू द्या कुठी गेला."

फोन कुठी गेला, हा प्रश्न तिथे अगदी खरा आहे. गावामागे डोंगर, डोंगरामागे मध्य प्रदेश, आणि सेटिंग 'आपोआप'वर असलं की फोन बेधडक पलीकडचा टॉवर धरतो. साडूंना ही सरळ फितुरी वाटते. "तुम्ही इथं चहा पिऊन राह्यले, अन् तुमचा फोन तिकडं बुऱ्हानपुरात पोहे-जिलबी हाणून राह्यला," असं म्हणून ते चष्मा कपाळावर चढवतात, 'आपोआप' बंद करतात आणि त्याला हाताने महाराष्ट्रात ओढून आणतात. माणसांना ते कधी अरे-तुरे करत नाहीत. फोनला मात्र, "चाल बे, सरक बे," असं अडून बसलेल्या गोऱ्ह्यासारखं हाकलत असतात.

सगळ्या दुखण्यांवर त्यांचा रामबाण उपाय म्हणजे विमान. फ्लाइट मोडचं ते चित्र एकदा दाबलं की विमान उडालं, पुन्हा दाबलं की उतरलं, आणि ते हवेत असताना घरात कुणी बोलायचं नाही. का, ते विचारायचं नाही. एकदा शेजारची म्हातारी ओवा मागायला आली, तर सगळे फोनभोवती माना खाली घालून गप्प. बिचारी, कुणीतरी गेलं समजून, पदर तोंडाला लावून उंबऱ्यातच बसली. साडूंनी कधी अबोला धरला तर ताई सांगतात, "ह्यांचं विमान उडालं. उतरलं की जेवतीन." माझ्या फोनचं विमान मात्र ते एकदा उतरवायचंच विसरले. आज कुणाची कटकट नाही म्हणून मी दिवसभर खुशीत, आणि घरी पोचतो तो बायको दारात कमरेवर हात ठेवून उभी. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "साडूकडं गेल्ते ना? मंग बरोबर."

त्यांच्यासमोर कुणी 'रेंज नाही' म्हटलं, तर तुमच्या घरात मीठ नाही असं म्हटल्यासारखा त्यांचा चेहरा होतो. "रेंज असते हो. ते घेता आली पाह्यजे," असं म्हणून ते फोन हिसकावतातच. अशी घेतलेली रेंज सगळ्या गावाने वापरली, पण तिचा खरा कस लागला तो पल्लवीच्या मुलाखतीला.

पल्लवी ही त्यांची एकुलती एक पोर. इंजिनियर होऊन घरी बसली होती, आणि पुण्याच्या एका कंपनीने लॅपटॉपवर मुलाखत ठेवली. नेमका मी आदल्या दिवशी मुक्कामाला गेलेलो. जेवताना साडू हळूच म्हणाले, "नोकरी लागली तर पोरगी जाईन, नाही लागली तर रडन. मी कोनतं सेटिंग ठेवू, साडूभाऊ?" मी कढी ओरपत राहिलो.

सकाळी त्यांनी मोर्चेबांधणी केली. पोरगी जिन्यावरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन, आणि दाराबाहेर गच्चीवर साडू, हॉटस्पॉट लावलेला फोन महाराष्ट्राच्या दिशेने उंच धरून. ऊन म्हणजे मे महिन्याचं. मी छत्री घेऊन गेलो तर खेकसले, "माह्या डोक्यावर काऊन धरता? फोनवर धरा. तापला तर हॉटस्पॉट बंद पडते." मी मुकाट फोनवर छत्री धरली आणि आम्ही दोघे उन्हात. खालून शेजाऱ्याने विचारलं, "काय हो, वांदरं हाकलून राह्यले का?" आत पोरगी इंग्रजीतून फडाफडा बोलत होती, त्यातलं त्यांना फारसं कळत नव्हतं. एका क्षणी रेंज डळमळली. हात नुसता खाली घेतला असता तरी पोर घरीच राहिली असती, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. ते चवड्यांवर उभे राहिले आणि हात आणखी वीतभर वर नेला.

नोकरी लागली. पल्लवी पुण्याला गेली. साडू तिला फोनवर तब्येत नाही विचारत, "तिकडं सेटिंग कोनतं ठेवलं?" असं विचारतात. ती हसून म्हणते, "बाबा, इथं काही करावंच नाही लागत." हे उत्तर त्यांना मुळीच आवडत नाही.

परवा मी गेलो तेव्हा आम्ही ओसरीवर बसलो होतो आणि तिचा फोन आला. साडूंनी हौसेने स्पीकर लावला. इकडचं तिकडचं झालं, आणि मग ती जरा चाचरत म्हणाली, "बाबा, या दिवाळीले येनं नाही जमत. ऑफिसात लय काम आहे." साडूंनी चष्मा काढून हातात घेतला. "बाबा? ऐकू येऊन राह्यलं ना?"

साडू म्हणाले, "पल्लू, आवाज तुटून राह्यला. रेंज नाही इकडं. ठेवतो."

फोन माझ्या समोरच होता, सगळ्या काड्या भरलेल्या. मला फार वाईट वाटलं. साडू धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत बसले होते. मी म्हटलं, "हाव, आज रेंजच नाही इकडं."