एका कोयत्याची गाडी

मामांचा फोन आला तेव्हा मी बीडला कॉलेजच्या व्हरांड्यात उभी होते. ते म्हणाले, "तुझी मामी गेली." आणि लगेच, त्याच आवाजात, "डावीकडचं झालंय. उजवीकडचं ऱ्हायलं." दुपारी डोकं दुखतंय म्हणून मामी गॅरेजात भिंतीला टेकून बसली आणि तिथंच गेली. मेंदूतली शीर फुटली, असं नंतर डॉक्टर म्हणाले. मी फोन ठेवला, आणि खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांसमोर आधी मामी आली नाही. ती लाल गाडी आली, एक चाक काढलेली.

आमच्याकडं ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकटा असला तर तो अर्धा कोयता. मामा-मामी लग्नापासून एक कोयता होते. मामा मोळी उचलून मामीच्या डोक्यावर द्यायचे आणि विचारायचे, "धरलं?" मामी म्हणायची, "धरलंय, सोडा." मग ती फळीवरून ट्रकात चढायची. पुढं दुष्काळाची वर्षं आली. ऊस पाण्यावाचून वाळला, सहकारी कारखान्याचं धुराडं थंड पडलं आणि मुकादम गावात फिरकेनासा झाला. मामा फडावर असताना ट्रॅक्टर दुरुस्त करायला शिकले होते. त्या जोरावर त्यांनी चौसाळ्याला हायवेच्या कडेला पत्र्याचं गॅरेज टाकलं. मामी सुरुवातीला नुसती डबा घेऊन यायची. एकदा जीपचा शॉकअप बसवायला खालून कुणीतरी धरायला पाहिजे होतं, म्हणून तिनं पदर खोचला आणि पोतं अंथरून खाली शिरली. तेव्हापासून त्या पोत्यावर दुसरं कुणी बसलं नाही.

लाल गाडी कारखान्याच्या एका जुन्या डायरेक्टरसाहेबांची. विलायती, दोन दारांची, दोनच माणसं बसतील एवढी, आणि इतकी बुटकी की मामी म्हणाली, ही काय उभी हाय का बसली हाय? उसाच्या ट्रॉल्यांनी खराब केलेल्या रस्त्यांवर तिचे पुढचे दोन्ही शॉकअप तेल गाळत होते. शॉकअप म्हणजे चाकाच्या वरचा तेलाचा दांडा, त्याच्याभोवती जाड स्प्रिंग. साहेबांनी पुण्याहून नवी जोडी मागवली होती. गाडी सोडायला आले तेव्हा मी सुट्टीत तिथंच होते. बाईमाणूस गाडीखाली जाणार हे ऐकून ते जरा चाचरले. मामी म्हणाली, "सायेब, तुमच्या कारखान्याच्या ट्रकात ह्याच हातांनी मोळ्या चढवल्यात. तवा का न्हाई इचारलं, बाईमाणूस हाय का म्हणून?" साहेब हसले, चहा पिऊन गेले. ते गेल्यावर मामीनं काचेतून आत बघितलं, दोन खुर्च्या मोजल्या आणि म्हणाली, "एका कोयत्याची गाडी हाय की ही. झाल्यावर टायलच्या चकरेला मीच बसणार." मग माझ्याकडं वळून, "तू न्हाई हां कॉलेजवाली. तुझा कोयता यायचाय अजून." मामा लई दिवसांनी असे मोठ्यानं हसले...

त्यानंतर मी बीडला परत गेले. तेराव्याला चौसाळ्याला पोचले तेव्हा गाडी तशीच होती. डावीकडं चाक लावलेलं, उजवीकडं लाकडी ठोकळ्यावर. बघणाऱ्याला ती एका बाजूला कलल्यासारखी वाटायची. साहेबांनी घाई नाही म्हणून निरोप पाठवला होता. माझी आई, म्हणजे मामांची बहीण, म्हणत होती की आता गॅरेज विकून गावाकडं यावं, एकट्यानं हे जमायचं नाही. मामा तिच्याशी भांडले नाहीत. समोरच्या गॅरेजवाल्यानं आपला माणूस देतो म्हटलं, त्यालाही नुसती नकाराची मान हलवली. ते रोज शटर उघडायचे, गाडीसमोर बसायचे आणि संध्याकाळी बंद करायचे. आई मला हळूच म्हणाली, ही गाडी झाली न्हाई तर हे दुकान परत उघडायचं न्हाई. मला रडू येत नव्हतं. मामी गेल्यापासून एकदाही आलं नव्हतं. माझ्यातच काही कमी आहे का, असं वाटत राहायचं.

मी निघायच्या दिवशी मामांनी न सांगता स्प्रिंग दाबून नव्या दांड्यावर चढवली. मग बॉनेट उघडून उभे राहिले. कुणाला हाक मारली नाही. मी भिंतीजवळचं पोतं उचललं, चाकाच्या जागेखाली अंथरलं आणि बसले. त्याला ग्रीसचा आणि तिच्या तंबाखूच्या मशेरीचा वास होता. शॉकअप मला वाटला होता त्यापेक्षा जड निघाला. तो वर रेटला तेव्हा मामांच्या बोटांनी वरच्या भोकातून त्याचं टोक पकडलं. आता वजन मी पेललं की ते हात सोडणार आणि नट लावणार.

"धरलं?" मामांनी विचारलं. सवयीनं विचारलं असणार.

"धरलंय," मी म्हटलं.

मामांचा हात तसाच राहिला. माझे खांदे भरून आले. मला कळलं ते कशासाठी थांबलेत, पण पुढचा शब्द माझ्या तोंडून येईना. तो माझा नव्हताच.

वरून हळू आवाज आला, "म्हण की पोरी."

"सोडा," मी म्हटलं. "सोडा, मामा..."

मग वर नट फिरू लागला.