घडी घालणारी वेतुरिया

वेतुरियाला बॅग भरायला दहा मिनिटं लागत आणि रिकामी करायला पाच. स्पेनमध्ये, कास्तेयोन गावात, म्हाताऱ्या विसेंताबाईंना सांभाळायला लागल्यापासून अकरा वर्षं ती हेच करत आली होती. ईस्टर आला की बॅग भरायची, ईस्टर गेला की कपडे परत कपाटात. एकदा बाईंचं खुब्याचं हाड मोडलं, एकदा कोरोना आला, एकदा काहीच झालं नाही आणि तरी ती गावी गेली नाही. त्या वर्षाचंच तिच्या मनाला जास्त लागून राहिलं होतं.

घड्या घालण्यात मात्र तिचा हात कोणी धरू शकत नसे. रोमानियातून निघाली ती आधी इटलीत, एका हॉटेलच्या धुलाईखान्यात. तिथली मुकादमीण दिवसभर ओरडे, 'पिएगा', घडी घाल. दोन वर्षांत वेतुरियाला इटालियन आलं ते एवढंच. मग काही दिवस गावी, आणि तिथून स्पेन. विसेंताबाई निवृत्त शिक्षिका, आणि मास्तरकी काही अंगातून जात नाही. चादरीची दोन टोकं धरून समोर उभ्या राहायच्या आणि शिकवायच्या.

"तुझ्या भाषेत निघण्याला काय म्हणतात गं?"

"प्लेका."

"आणि आम्ही पोहोचण्याला येगार म्हणतो. इटलीवाल्यांचं पिएगारे. तिन्ही एकाच आईच्या लेकी. मूळ अर्थ घडी घालणं. आमच्या खलाशांनी शिडाची घडी घातली की किनारा आला म्हणे, आणि तुमच्या लोकांनी तंबूची घडी घातली की मुक्काम हलला."

"खलाशांचं बरंय," वेतुरिया म्हणाली. "टोक नीट धरा बाई, जमिनीला लागतंय."

ऑक्टोबरात आईचा फोन आला. "शनिवारी माझं जिवंतपणीचं दान उरकून घेतेय. आलीस तर आलीस. नाहीतर तुदोराकाकू आहेच."

आपल्यामागे कोणी करेल याची ज्यांना खात्री नसते, ती माणसं हे दान हयातीतच करतात. इथे हातानं दिलेलं तिकडे, मेल्यावर, आपल्याला मिळतं: ताट, भांडं, घोंगडी, कपडे. लेक असताना आईनं ते स्वतः करायचं म्हणजे गावासमोर लेकीच्या मुस्कटात मारण्यासारखंच. निदान दान देताना तिथे आपला हात लागावा, एवढं वेतुरियाला हवं होतं.

"जा," विसेंताबाई म्हणाल्या. "भाची येईल आठवडाभर. नाही आली तरी मी काही मरत नाही."

अडीच दिवसांच्या मिनीबसमध्ये तिला क्षणभर चैन नव्हतं. शालीची घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची. हंगेरीच्या हद्दीवर बस चार तास अडकली, तेव्हा शेजारची बाई म्हणाली, "अगं, जीव घेशील त्या शालीचा."

शनिवारी ती फाटकात उतरली तेव्हा गावचा पाद्री निघून गेला होता. अक्रोडाखालच्या टेबलावर दानाच्या दिवशी वाटायचे शिजवलेले गोड गहू संपत आले होते. अंगणाच्या मधोमध लोखंडी पलंग होता, गादी-उशी-रजईसकट. चादरीचे कोपरे ताठ दुमडलेले. पलंगाशी दान घेणारी तुदोराकाकू पावात खोचलेली मेणबत्ती धरून उभी होती.

"आई, हा तर माझा पलंग."

"तुझाच. तुझ्या नावानं देतेय." आईनं तिच्या गालावरची धूळ पुसली. "माझं सकाळीच झालं. मग म्हटलं, परमुलखात तुझं कोण करणार?"

"मी जिवंत आहे, आई."

"मग? मी पण आहेच की."

दान घेताना मेलेल्यासाठी म्हणतात तसं तुदोराकाकू म्हणाली, "देव तिला क्षमा करो," आणि समोरच उभ्या असलेल्या वेतुरियाला बघून ओशाळली.

"अकरा वर्षं दर शनिवारी चादर बदलली," आई म्हणाली. "इथे काही तू झोपायला आली नाहीस. तिकडे तरी तुला अंथरूण तयार मिळेल."

वेतुरियाला रडू फुटलं. चादर तरी राहू दे म्हणून तिनं हात घातला, तर आईनं तो बाजूला केला. "घडी मोडू नको. दान जसंच्या तसं जायला हवं."

काकूचे दोघे जावई आणि एक शेजारी पलंग काकूच्या घरी न्यायला पुढे झाले. चौथ्या पायाला माणूस नव्हता. वेतुरियानं बॅग अंगणात ठेवली आणि तो पाय धरला.