पेटला म्हणजे चालला का?

“पेटला तं खामगावले जाय इलेक्ट्रॉनिक्स शिकाले. नाही पेटला तं मुकाट्यानं डी.एड. कर,” असं म्हणून माझा मुलगा सकाळी मोताळ्याला ट्रेनिंगला निघून गेला. मुलगा मास्तर आहे. मे महिन्यातसुद्धा मास्तरांना कोणीतरी शिकवतच असतं.

पेटायचा होता तो कॉम्प्युटर. माझ्या नातीनं, म्हणजे त्याच्याच लेकीनं, बारावीच्या सुट्टीत सुटे भाग मागवले होते आणि मोबाइलवर पाहून पाहून ते एका काळ्या डब्यात जोडले होते. बापाला हा पोरखेळ वाटत होता. तिला मात्र दुसरं काही सुचत नव्हतं. झोपेत तिची बोटं स्क्रू पिळत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

दुपारी तिनं डब्याचं झाकण लावलं, अंघोळ केली, धुतलेला ड्रेस घातला आणि समोरचं बटण दाबलं. आतला पंखा जागा झाल्यासारखा जरासा फिरला आणि थांबला. तिनं पुन्हा दाबलं. काहीच नाही.

“काय झालं वं?”

“आजी, मदरबोर्ड पॉवर घेऊन नाही राह्यला.”

“माय आजारी पडली म्हण. मंग बापबोर्डाले बोलाव.”

“बापबोर्ड मोताळ्याले गेला ट्रेनिंगले,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, म्हणून मी हसू पदरात घेतलं.

झाकण पुन्हा निघालं. मी खुर्ची ओढून शेजारी बसले. कूलरचा वाळा ओला होऊन वास सुटला होता, बाहेर धामणगाव उन्हात पडून होतं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. डब्यात वाकून पाहिलं तर ती हिरवी पाटी! मला वाटलं मी राजूरच्या घाटात एसटीच्या खिडकीशी बसलेय आणि खाली सगळा मुलूख पसरलाय. ते बारीक सोनेरी रस्ते, त्या गोल विहिरी, चौकोनी वावरं, कडेला उंच इमारतींची रांग. कुठंच माणूस नाही, बैल नाही, आवाज नाही. एका कोपऱ्यात मात्र एक इवला दिवा लागलेला, कोणीतरी घरी यायचं असल्यासारखा.

“दिवा तं लागलेला हाय,” मी म्हणाले.

“हाव ना. म्हणजे करंट इथलोक येऊन राह्यला. पुढं काऊन जात नाही तेच समजत नाही.”

त्या घाटातून मी नोकरीला जात असे. बुलढाण्याच्या एका कचेरीत क्लार्क होते. तिथं पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा साहेबांनी त्याची जबाबदारी माझ्यावर टाकली, कारण माझं अक्षर चांगलं होतं. आता कॉम्प्युटरला अक्षराचं काय कौतुक, पण त्या वेळी हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच. मी अशी फुगले की एसटीत दोन सीट लागाव्यात. त्या खोलीत कोणाला शिंकू देत नसे. त्याला सर्दी होईल म्हणून लोकरीचं झाकण विणलं, गुलाबी, चारी बाजूंनी झालर. आणि संध्याकाळी निघताना ऐटीत वरच्या पडद्याचं बटण बंद करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, “झालं बाई, कॉम्प्युटर बंद केला.” खालचा डबा रात्रभर झालरीखाली घोंघावत राहायचा. तो आवाज पालीचा असेल असं माझं मत होतं. नागपूरहून आलेल्या माणसानं डबा म्हणजेच कॉम्प्युटर असं सांगितलं, तेव्हा मी त्याच्याकडे असं पाहिलं जसा काही तोच अडाणी. तेव्हाची ती बाई, म्हणजे मीच, आज दारात आली तर मी तिला पाणी विचारीन, पण घरात घेणार नाही.

“आजी, झोपली का?”

“नाही वं. घाट उतरून राह्यली होती.”

नातीनं तोवर सगळं करून पाहिलं होतं. मागची वायर काढून घातली. दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर लावून पाहिलं. रॅमच्या पट्ट्या काढल्या, त्यांचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, पुन्हा बसवल्या. रुपयाएवढा सेल काढून ठेवला, थोडं थांबून परत घातला. दर वेळी बटण दाबी आणि दर वेळी तो एकच दिवा तसाच शांत. खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकत ती बसली होती त्या पाटाशी आलं होतं. बाप यायची वेळ जवळ येत होती आणि तिचा आवाज बारीक होत चालला होता.

“डी.एड.ले काय वाईट हाय,” मी उगाच म्हणाले.

“तू करतं का डी.एड.?”

मी खुर्ची जरा मागं घेतली.

एकाएकी तिनं पुढच्या बटणाकडून येणारी बारकी वायरच पाटीवरून उपटली. खाली सुईच्या टोकाएवढे दोन खिळे उघडे पडले. स्क्रूड्रायव्हरचं टोक तिनं त्या दोन्हींना एकदम टेकवलं, म्हणजे बटणाचं काम स्वतःच केलं.

पंखा फिरला. एक, मग दुसरा, मग कूलरच्या आवाजात त्यांचा आवाज मिसळला, आणि थांबला नाही.

“बोर्ड चांगला हाय!” ती ओरडली. “आजी, खराबी बटणात हाय! ते दाबलेलंच राहून राह्यलं!”

तिनं सगळं बंद केलं, डब्याचा पुढचा भाग उचकटला आणि बटणाच्या फटीतून पिनेनं काहीतरी बाहेर काढलं. तळहातावर धरून माझ्यासमोर आणलं. कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा.

“आजी, हे काय हाय?”

“तांदूळ.”

“कुठून आला?”

“वावरातून.”

आता घरात नवी वस्तू आली आणि तिला चार अक्षता वाहिल्या नाहीत, असं आमच्याकडे झालेलं नाही. फ्रिजला वाहिल्या, स्कूटीला वाहिल्या. पोर अंघोळीला गेली तेव्हा यालाही वाहिल्या, जरा जास्तच, कारण पोरीचं खामगाव त्याच्यावर अडलेलं होतं. देवाच्या मनात काय येईल ते येईल, पण दाणा बटणात जाईल हे काय माहीत!

“बाबाले सांगू नको,” मी म्हणाले.

“सांगू नको म्हणे!” आणि ती इतकी हसली की पिन हातातून पडली.

मुलगा आला तेव्हा डब्याचं झाकण पुन्हा लागलेलं होतं आणि शेजारी कॉम्प्युटरचा पडदा जोडलेला होता. चपला काढतानाच त्यानं विचारलं, “पेटला का?”

तिनं बटण दाबलं. पंखे सुरू झाले. पडदा काळाच राहिला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीची एक ओळ आली. पुढं काही नाही.

“हे तं बंद पडेल हाय,” मुलगा म्हणाला.

नातीचा चेहरा उतरला. “बंद नाही बाबा. त्याले चालवणारी सिस्टिम आत टाकेल नाही अजून. तेच मागून राह्यला तो.”

“म्हणजे चालत नाही.”

“तू सकाळी काय म्हटलं होतं?” मी खुर्चीतून विचारलं. “पेटला तं, असं म्हटलं होतं. चालला तं, असं नाही. चूल पेटली म्हणजे भाकर झाली का रे बाप्पा? पण पेटली तं म्हणशीन ना?”

“आई, तू मधात बोलू नको.”

“मी मधात नाही, कडंले बसली हाय.”

तो खाली बसला. चष्मा पुसला आणि ती ओळ पोरांच्या वहीतली वाचतात तशी शब्दावर बोट ठेवून वाचली. मग मागं वाकून पंख्याची हवा हाताला लागते का ते पाहिलं. हात बराच वेळ तिथंच ठेवला.

“हे सगळं तू जोडलं?”

“हाव.”

“कोणाले विचारलं नाही?”

“नाही.”

पंखा फिरत होता. अंगणात कोणीतरी पाणी शिंपडत होतं, तापलेल्या मातीचा वास आत येत होता, आणि आम्ही तिघं त्या पांढऱ्या ओळीकडे पाहत बसलो होतो.

“खामगावच्या प्रवेशाले फोटो लागतात,” मुलगा पडद्याकडेच पाहत म्हणाला. “तुह्याजवळ हाय का चांगला?”

“नाही.”

“मंग केस विंचर. फोटोवाला उघडा असंल अजून.”

ती उठली, आणि धावत न जाण्याचा फार प्रयत्न करत आत गेली.