गोल टाकीचं गणित

भोंगवलीला माहेरी असताना माझी नववी झाली आणि आई आजारी पडली. घर सांभाळायला मी मागं राहिले आणि शाळा सुटली ती सुटलीच. पुढं लग्न होऊन मार्गासनीच्या वर डोंगरात आले. दहा-बारा घरांची वाडी, दारात शेळ्या-मेंढ्या, उतारावर नाचणी. शाळेची आठवणसुद्धा हळूहळू पुसट झाली होती.

माझी लेक दहावीला गेली, तेव्हा एक दिवस दप्तर खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "आई, बाहेरून परीक्षा देता येती. म्या सरांना इचारलंय. तू पण बस की माझ्यासंगं."

मी हसले. नवरा भाकरी खात होता. तो काही हसला नाही. "बस की," म्हणाला, "संध्याकाळची मेंढरं मी बघतो."

तशी मी बसले. मराठी, इतिहास जमत होतं. बीजगणितानं रडवलं, पण वाट सापडत गेली. घाबरले ते महत्त्वमापनाच्या धड्याला. वृत्तचिती, शंकू, गोल; प्रत्येकाचं घनफळ वेगळं, पृष्ठफळ वेगळं. लेक पाठ करायला सांगायची आणि मी सकाळी विसरलेली असायचे. शंकूचं घनफळ वृत्तचितीच्या एक तृतीयांश असतं, हे तर मला पटतच नव्हतं. डोळ्यांना ते निम्मं वाटायचं.

"निम्मंच असंल," मी हट्टानं म्हणाले. "पुस्तकात चुकलं असंल."

लेक चिडली. तिनं चहाच्या पत्तीचा गोल डबा रिकामा केला, जुन्या पुठ्ठ्याचा तेवढ्याच तोंडाचा, तेवढ्याच उंचीचा शंकू वळला आणि नाचणीचं पोतं पुढ्यात ओढलं. "घाल तूच."

मी एक शंकू नाचणी डब्यात ओतली. दुसरा ओतला. आता डबा उतू जाणार म्हणून हात आडवा धरला, तर वर अजून जागा होती. तिसरा ओतल्यावर नाचणी बरोबर काठाला आली. चार दाणे खाली सांडले असतील, तेवढेच. मी पुन्हा सगळं रिकामं करून पुन्हा भरून बघितलं. दुसऱ्यांदाही तेच. त्या दिवसापासून मी पाठ करणं सोडलं आणि समोर ठेवून बघायला लागले. हंड्याचा गळा, पेंढ्याची उडवी, पाण्याची नांद, कळशी. घरातलं एक भांडं मोजायचं शिल्लक ठेवलं नाही.

त्या वर्षीच्या थंडीत वाडीत पाण्याच्या टाकीची गोष्ट निघाली. वरच्या कड्यात आमचा झरा आहे. उन्हाळ्यात तो बारीक होतो, पण आटत नाही. खाली खडकात छोटा खड्डा होता, तो भरला की रात्रभर पाणी उतारावर वाहून जायचं आणि सकाळी आम्ही बाया हंडे घेऊन रांगेत. ग्रामपंचायतीतून सिमेंट आणि लोखंडी जाळी मंजूर झाली. नसरापूरचे एक मिस्त्री जागा बघायला आले.

झऱ्याखाली सात फूट रुंदीचीच सपाट जागा होती. मिस्त्रींनी विचारलं, "टाकी केवढी पायजे?"

कुणी म्हणालं मोठी, कुणी म्हणालं लई मोठी. मी मागं उभी होते. तोंडातून निघून गेलं, "रात्रभरात झरा देतोय तेवढी."

सगळे वळले. आता बोलावंच लागणार होतं. मी म्हणाले, "उन्हाळ्यात हंडा भरायला दोन मिन्टं लागत्यात. रांगेत बसून आपण सगळ्याच जणींनी मोबाईलच्या घड्याळात बघितलंय. हंड्यात पंधरा लिटर. संध्याकाळपासनं सकाळपर्यंत बारा तासांचा हिशेब करून उद्या सांगते."

घरी येऊन हिशेब केला. झरा रात्रभरात पाच हजार चारशे लिटर देत होता. मग टाकीचं मांडलं: रुंदी सात फूट म्हणजे दोन पूर्णांक एक मीटर, उंची धरली दीड मीटर. उत्तर आलं वीस हजारांच्या वर. मी आनंदानं लेकीला हाक मारणार होते, तेवढ्यात खालच्या शाळेजवळची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांपुढं आली. तसल्या वीस टाक्या आमच्या त्या चिमुकल्या जागेत? शक्यच नव्हतं. वही पुन्हा जवळ ओढली. त्रिज्येच्या जागी मी सगळी रुंदी घातली होती. निम्मी करून पुन्हा गुणलं, तर पाच हजार दोनशेला थोडं कमी. झऱ्याला अगदी बेताची. तेव्हा मात्र मी लेकीला मोठ्यानं हाक मारली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "झकास. जाळी वळवून गोल टाकी करू." पण माझे सासरे अडून बसले. सगळी वाडी त्यांचं ऐकते.

"चौकोनी करा," ते म्हणाले. "कोपऱ्यांत पाणी जास्त मावतं."

माल टेम्पोनं खालच्या रस्त्यापर्यंतच येणार होता. तिथून वर चढणीला सिमेंट, वाळू, सगळं आमच्याच डोक्यावर. तेवढंच पाणी मावेल अशी चौकोनी टाकी धरली, तर भिंत सव्वा चौरस मीटरनं वाढत होती, आणि गिलावा आतूनही, बाहेरूनही. म्हणजे तेवढ्या पाट्या जास्त. पण वर्गमूळ आणि पृष्ठफळ त्यांच्यापुढं कसं बोलू? मी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आबा, एक इचारू?"

"इचार."

"मेंढरं कोंडायला तुमी वाघर लावता, ती जाळी गोलच का लावता? चौकोनी का न्हाई?"

"गोल लावली म्हंजी जाळी पुरती," ते म्हणाले. "तेवढ्याच जाळीत जास्त मेंढरं—" आणि ते थांबले. मिस्त्रींकडं बघितलं, मग माझ्याकडं. मिशीतल्या मिशीत हसले. "भिंत म्हंजी जाळी म्हन की सरळ. करा गोल!"

माल वर न्यायला सगळी वाडी लागली. आबांनी स्वतः वाळूच्या पाट्या उचलल्या, नको म्हटलं तरी. मिस्त्रींनी जाळी वळवली, तेव्हा मधोमध खिळा ठोकून दोरीनं त्रिज्या मी धरली. पहिल्यांदा पाणी सोडलं तर बुडाशी एका ठिकाणी पाझरलं. मिस्त्रींनी टाकी रिकामी करून पुन्हा सिमेंटचा हात दिला, आम्ही आठ दिवस ती ओली ठेवली. मग थेंबही गळला नाही.

मार्चमध्ये परीक्षा झाली. वेल्ह्याच्या केंद्रावर आम्ही मायलेकी एकाच एसटीनं जायचो. भूमितीच्या पेपराआधी दारात लेकीनं माझा हात धरला. "आई, भ्या वाटतंय," ती म्हणाली. वर्षभर ती मला शिकवत आली होती, आणि आता मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते. "सुचलं न्हाई तर चित्र काढ," मी सांगितलं. "डोळ्यापुढं आलं की जमतं."

वैशाखातली ती सकाळ मला स्वच्छ आठवते. झरा नेहमीसारखा बारीक झाला होता. मी उजाडताच वर गेले, तर माझी थोरली जाऊ आधीच टाकीलगतच्या उंच खडकावर उभी. टाकी काठापासून वीतभर खाली भरली होती. पाणी इतकं निवांत होतं की तळाचा गिलावा दिसत होता. ती कोपरापर्यंत हात पाण्यात घालून उभी राहिली. मागून बाया येत गेल्या. रांग लावायची सवय, म्हणून आम्ही रांगेतच उभ्या राहिलो, आणि मग कुणीतरी हसलं आणि रांग मोडली.

निकालात आम्ही दोघी पास झालो. गणितात लेकीला माझ्यापेक्षा बरेच जास्त मिळाले, आणि ते तिनं सगळ्या वाडीला ऐकवलं. आता ती नसरापूरला अकरावीला जाते. माझा अकरावीचा अर्ज मी या वर्षी भरलाय. परवा खिंडीपलीकडच्या वस्तीवरून दोघी जणी आल्या होत्या. त्यांच्याकडंही झरा आहे. मिस्त्रींनीच त्यांना माझ्याकडं धाडलं होतं.

"आमची जागा वाकडीतिकडी हाय," त्यातली एक म्हणाली. "जमंल का?"

"आधी बघू तर खरं," मी म्हणाले, आणि टेप घेऊन त्यांच्याबरोबर निघाले.