शैलजाबाईंच्या लग्नपत्रिका

दत्तूचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. शैलजाबाईंचा हा धाकटा भाऊ सायखेड्याच्या पुढे एका वस्तीवर भाजीपाला आणि झेंडू करतो. कामाशिवाय फोन करणारा माणूस नाही. व्हरांड्यात येऊन फोन घेतला. "सर, ताई गेली," तो म्हणाला, "आमच्याच रस्त्यावर. खडीवरून गाडी घसरली." याला आता महिना होऊन गेला. तो अपघातच होता. कुणी धक्का दिला नाही, मागून कुठलं वाहन आलं नाही. हे मी स्वतःला रोज सांगतो.

नाशिकच्या आमच्या कॉलेजात शैलजाबाई राज्यशास्त्र शिकवायच्या आणि मी गणित. एक प्रश्न त्यांना कित्येक वर्षं छळत होता. पक्ष एक, आमदार एक, मग एका वस्तीला डांबरी रस्ता आणि शेजारच्या वस्तीला चिखल, असं का? सरकारी कागदांत उत्तर सापडेना, तेव्हा त्यांनी लग्नपत्रिका जमवायला घेतल्या. आमच्याकडे पत्रिकेत नवरा-नवरीपेक्षा खालची यादीच मोठी असते. निमंत्रक, स्नेहांकित, प्रमुख उपस्थिती... सरपंच, सोसायटीचे चेअरमन, ठेकेदार, सगळे ओळीने. "माणूस भाषणात खोटं बोलेल, पत्रिकेत नाही बोलणार," त्या म्हणायच्या. "तिथं एक नाव चुकलं तर सोयरीक तुटते." प्रत्येक नावाचा एक ठिपका, आणि दोन नावं एका पत्रिकेत आली की त्यांच्यामध्ये एक रेषा. वर्गात त्या याला सामाजिक जाळ्याचं विश्लेषण म्हणत, माझ्याजवळ मात्र सोयरिकीचं गणित. कोणत्या ठिपक्यावरून सर्वांत जास्त वाटा जातात, हे काढून देण्यापुरता मी त्यात आलो आणि मग गुंतलोच.

आम्हाला वाटलं होतं, मध्यभागी एखादा निवडून आलेला पुढारी निघेल. निघाले भाऊसाहेब. चांदवडच्या रस्त्याला त्यांचं मोठं मंगल कार्यालय आहे. आयुष्यात कधी निवडणूक लढवली नाही, आवाज कधी चढवला नाही. दारात हात जोडून उभा असणारा माणूस. मंजूर झालेल्या रस्त्यांची यादी शेजारी ठेवली, तर जी वस्ती या ठिपक्याच्या जवळ तिचा रस्ता आधी, जी लांब तिचा कधीच नाही. बाईंनी संगणकाच्या पडद्यावर त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "हा एक ठिपका काढून बघा, सर." मी काढला. अख्खं जाळं तुकडे होऊन विखुरलं. "म्हणजे यांना कुणीच काढणार नाही," त्या हळूच म्हणाल्या. भर दुपारी, बंद खोलीत, मला उगाचच दाराकडे बघावंसं वाटलं.

पुढचं लिहिणं अवघड आहे. त्याच महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत भाऊसाहेब, जुन्या ओळखीने, माझ्या शेजारी येऊन बसले. "आमच्या बाई हल्ली कशात गुंतल्यात?" त्यांनी सहज विचारलं. मी सांगितलं. कौतुकाने सांगितलं, अगदी मध्यभागी तुमचं नाव आहे म्हणूनसुद्धा. ते हसले, आणि वाढप्याला बोलावून मला आग्रहाने आणखी एक जिलेबी वाढायला लावली.

दत्तूच्या वस्तीचा रस्ता तेव्हा कुठे सुरू झाला होता. खडी पसरली होती, रोलर येऊन उभा होता. आठवड्याभरात रोलर निघून गेला. "दुसरीकडं अर्जंट काम हाय म्हणे," दत्तूने सांगितलं. मग बाईंच्या हाताखालच्या दोन विद्यार्थिनींनी विषय बदलला. ठरलेलं व्याख्यान रद्द झालं. पत्रिका यायच्या बंद झाल्या. "कुणी दम दिला असता तर बरं झालं असतं," बाई म्हणाल्या, "निदान उत्तर देता आलं असतं."

दत्तू एकदा माझ्यासमोरच त्यांना म्हणाला, "ताई, तू ते कागद मिटव. माझी फुलं बाजारात पोचंनात."

"मिटवते. रस्ता होईल, दत्तू. पण तो कशामुळं झाला, ते तुला जन्मभर माहीत राहील."



मला राहवेना. एका दुपारी चहा घेताना मी सुरुवात केली, "बाई, त्या पंगतीत मी..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "माहीत आहे, सर. माझ्यापासून भाऊसाहेबांपर्यंत जायला एकच वाट होती. तुमच्यावरून जाणारी." रागाचा लवलेश नव्हता. त्याच शनिवारी त्या स्कूटरवरून भावाकडे निघाल्या.

दशक्रिया गोदाकाठी झाली. त्याच्या आधी तीन दिवसांत वस्तीचा रस्ता डांबरी झाला होता, कारण विधीनंतर घरी भेटायला येणाऱ्या मोठ्या लोकांच्या गाड्या आत जायला हव्या होत्या. घाटावर भाऊसाहेब बोलले, छान बोलले. "रस्ता झाला, सर," दत्तू माझ्या कानाशी म्हणाला. तो आवाज मला लिहिता येणार नाही.

परवा मी बाईंच्या खोलीत आवराआवर करत होतो, तेवढ्यात भाऊसाहेबांचा फोन आला. "बाईंचं काम अपुरं राहिलं. ते सगळे कागद पाठवून द्या, आपण त्यांच्या नावानं पुस्तक काढू."

"कागद मला लागतील," मी म्हणालो. "काम चालू आहे."

मग तोच मऊ आवाज आला, "बरं... मुलीचं लग्न यंदा करताय ना? कार्यालय आपलंच समजा."

फोन ठेवून मी बाईंच्या खुर्चीत बसलो. टेबलावर मोठा कागद पसरलेला होता. नाव आधी पेन्सिलीने लिहायचं आणि खात्री पटली की शाईने गिरवायचं, ही बाईंची पद्धत. भाऊसाहेबांच्या ठिपक्याच्या शेजारी माझं नाव होतं, अजून पेन्सिलीत. बाईंच्या मनात माझ्याविषयी काही शंका शिल्लक असावी, की आशा... कोण जाणे. मी त्यांचं पेन उघडलं आणि ते नाव शाईने गिरवलं.